चोरल-जानापावच्या डोंगरात शिकार आणि गळाचे परवाने द्यावेत का?

तुकोगंजकर: काल 'भटक्या इंदूरकर' यांनी लिहिलं की इंदूरजवळच्या चोरल, पाताळपाणी, जानापावच्या पट्ट्यात पैसे घेऊन शिकारीचे आणि गळाने मासे धरण्याचे परवाने द्यावेत, गावांना रोजगार मिळेल, होळकरांच्या काळी शिकार चालायचीच. रात्रभर चिडचिड झाली, म्हणून लिहितोच. होळकरांची शिकारगाह रालामंडळच्या टेकडीवर आजही उभी आहे, पण 1989 पासून ती टेकडी अभयारण्य आहे. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991ची दुरुस्ती झाल्यावर हौसेच्या शिकारीला देशात जागाच उरली नाही. मग परवाना देणार कोण?

आता मासे. महाशीर हा आपल्या मध्य प्रदेशचा राज्यमासा. त्याला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढून लहान नद्यांत अंडी घालतो. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर ही धरणं झाली आणि नर्मदेचं वाहतं पाणी जागोजागी अडलं. त्याला नर्मदेला मिळणाऱ्या चोरलसारख्या मोजक्या नद्या उरल्यात, तिथेही तुम्ही गळ घेऊन बसणार?

भटक्या इंदूरकर: शिकारीचं राहू द्या, कायदा मला मान्य आहे. पण गळाला शिकारीच्या पंगतीत बसवू नका. महाशीरवाले मासा खात नाहीत, बिनकाट्याचा हुक वापरतात, मासा पाण्यातच धरून सोडतात. लोक त्यासाठी उत्तराखंडात रामगंगेवर जातात, तिथल्या गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळतं. आणि काठावर माणसं बसलेली असली की पाण्यात बारूद फोडून मासे मारणारे फिरकत नाहीत. तुमच्या बंदीने बारूद थांबला का?

मानपूरचा शेतकरी: तुम्ही दोघं शहरातले माशावर भांडा. आमच्याकडे रोजडे, म्हणजे नीलगायी, आहेत, त्यांचं कोण बोलणार? हरभऱ्याला घाटे धरले की पहाटे कळप उतरतो. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. बटाट्यात रानडुकरं शिरली की सकाळी सरीच्या जागी नुसते खड्डे. कडाक्याच्या थंडीत म्हातारा बाप मचाणावर डबा वाजवत बसतो. आम्हाला हौस नको, बंदोबस्त हवा.

तुकोगंजकर: दादा, त्याची वाट कायद्यातच आहे. कलम 11 बघा, उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी परवानगी मिळते.

मानपूरचा शेतकरी: कागदावर मिळते! अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरेपर्यंत पीक खळ्यात येतं. बरं, परवानगी आली तरी मारणार कशाने? निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा. इंदूरच्या तुकोगंजात बसून कलमं सांगणं सोपं आहे.

भटक्या इंदूरकर: मग माझंच बरोबर ठरलं ना! शेतकऱ्याला जमत नाही तर नेमबाजांना बोलवा, फी पंचायतीला द्या.

बडवाहची लेक: एक मिनिट, भाऊ. पैसे मोजून आलेला माणूस मोठ्या शिंगाचा नर शोधेल की पिकात शिरलेली मादी? आणि बंदूक नाही म्हणून शेतात जे होतं तेही बोला. कुंपणात उघडा करंट सोडतात. आमच्या शेजारच्या गावात डुकरासाठी लावलेल्या तारेवर पाणी द्यायला निघालेला तरणा पोरगा गेला. त्याच्या आईसमोर मी बसले आहे, म्हणून 'बंदोबस्त' शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

मानपूरचा शेतकरी: ताई, मी करंट लावत नाही. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

बडवाहची लेक: तुम्हाला म्हटलं नाही, दादा. पण लावणारे आपल्यातलेच असतात, आणि आपण गप्प बसतो. मागे 2025 मध्ये शाजापूर जिल्ह्यात बोमा लावला होता. हेलिकॉप्टरने कळप हाकून निमुळत्या कुंपणात घेतले आणि काळवीट, नीलगायी गांधीसागरसारख्या जंगलात सोडल्या. मागायचं तर ते मागा.

नदीचं म्हणाल तर 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्याच दिवसांत बाजारात अंड्यांनी फुगलेला मासा उघड विकला जातो आणि घेणारे आपणच. आमच्या भागात वनखात्याने महाशीरची पिल्लं वाढवायचं काम हाती घेतलं, ते याच नद्यांत सोडायला. आधी बंदीचे दोन महिने पाळून दाखवा, मग गळाचं बोलू. आणि वाटाडे इथल्या मासेमार केवटांचेच पोरगे हवेत, इंदूरचा ठेकेदार नको.

तुकोगंजकर: बंदीचे दिवस सोडून, सोडून देण्याच्या अटीवर, ठरावीक डोहांवर गळ... मनाला पटत नाही, पण बारूदवाल्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. एवढं मान्य. शिकारीला मात्र माझा विरोध कायम.

भटक्या इंदूरकर: ठेकेदार नको, हे मीही मानतो. डोह कोणते ते केवटांनीच ठरवावं.

मानपूरचा शेतकरी: डोह ठरवा खुशाल. बोम्याचा अर्ज कोणाकडे करायचा, तेवढं आधी सांगा. हरभरा पेरून झालाय.