डबल इंटिग्रल: क्रम बदलताना लिमिट्स चुकतात

गणित_नांदेड: पहिल्या वर्षाची पोरं डबल इंटिग्रलचा क्रम (आधी वायचं इंटिग्रल की आधी एक्सचं) बदलताना लिमिट्स नुसत्या उलट्यापालट्या करतात. उदा. वाय: एक्स ते १, एक्स: ० ते १, फंक्शन ई रेज टू वाय स्क्वेअर. उत्तरात एक्स उरतो, तरी शंका येत नाही. कसं शिकवावं?

लातूरकर: सर, आकृती काढल्याशिवाय इंटिग्रल लिहूच देऊ नका. वाय = एक्स, वाय = १, एक्स = ० या रेषा; कोपरे (०,०), (०,१), (१,१). दिलेली पट्टी (आतलं इंटिग्रल जिच्यावरून चालतं ती) उभी आहे, ती आडवी करायला लावा. डावं टोक एक्स = ० वर, उजवं वाय = एक्स वर टेकतं, म्हणून एक्स ० ते वाय. पट्टी खालून वर सरकते, वाय ० ते १. आता आत वाय गुणिले तेच फंक्शन मिळतं; वाय स्क्वेअर = टी घ्या, उत्तर (ई − १)/२. मूळ क्रमात गाडी कुठं अडते (ई रेज टू वाय स्क्वेअरचं वायनुसार इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिता येत नाही), ते मात्र आधी फळ्यावर दाखवाच.

परभणीकर: बाहेरच्या लिमिट्स आकडेच हव्यात, ही तपासणी रोज करून घ्या. पुढचं गणित वाय = एक्स, वाय = २ − एक्स आणि एक्स-अक्ष यांमधल्या त्रिकोणाचं द्या. उभ्या पट्टीला एक्स = १ पाशी दोन भाग करावे लागतात, आडवीला नाही.

गणित_नांदेड: उद्याच घेतो हे.