पाहुणं कुत्रं घरी असताना : तुमचे अनुभव लिहा

रस्त्यावरून आजारी कुत्रं उचललं, उपचार झाले, तरी कायमचं घर मिळेपर्यंत ते कुणाकडे तरी राहतं. त्या मधल्या काळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ज्यांनी फॉस्टरिंग केलंय त्यांनी लिहा. 'केवढं पुण्याचं काम' वगैरे नको, रोजचं काय ते सांगा. सुरुवात मी करते.

माझ्याकडे सध्या भुरी आहे. दातांवरून डॉक्टरांनी वय तीनच्या आसपास सांगितलं. आली तेव्हा गोचीडताप होता. या तापात प्लेटलेट्स उतरतात, त्यामुळे नाकातून रक्त येत होतं. त्यावर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस चालतं. कुत्रं मध्येच टुणटुणीत दिसायला लागलं तरी बंद करायचं नसतं. ही बाई गोळी गालात धरून ठेवायची आणि माझी पाठ वळली की सोफ्यामागे जाऊन थुंकायची. मग गोळीवर सिरिंजने पाणी पाजायला लागले. तशीही ही गोळी कोरडी अडकली तर अन्ननलिका सोलवटते.

आता ती ठणठणीत आहे. लसी झाल्या, नसबंदी झाली. अडलंय ते वयापाशी. फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न, "पिल्लू नाही का?" अहो, मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो! भुरी लहान मुलांशी कशी वागते, एकटी किती वेळ राहते, मांजर दिसलं की काय करते, हे मी आजच सांगू शकते. पिल्लाचं यातलं काय सांगणार? पण एवढं ऐकायला लोक फोनवर थांबत नाहीत.

*

आमच्याकडे खरजेची कुत्री जास्त येतात. सासूबाई आधी म्हणायच्या, घरात सगळ्यांना होईल. त्यात दोन प्रकार असतात, दोन वेगळ्या बारीक किड्यांमुळे होणारे. डेमोडेक्सची खरूज माणसाला लागत नाही. सार्कोप्टिसची लागते, अंगावर पुरळ उठतं, पण तो किडा माणसाच्या अंगावर फार टिकत नाही आणि कुत्र्यावर उपचार झाले की आपलंही थांबतं. कानांच्या कडा आणि कोपरं खाजवून सोललेली दिसली की मी हातमोजे घालते. आता सासूबाईच नवीन आलेल्याचे कान आधी बघतात.

*

ज्यांना पिल्लंच ठेवायची आहेत त्यांच्यासाठी : आधी घरात पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) होऊन गेलाय का ते बघा. विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलने मरत नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं, तेही फरशीवर. मातीत काही चालत नाही. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. तोवर बाहेर जमिनीवर सोडू नका.

*

मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर, म्हणून कुत्रं मागणाऱ्यांचं घर बघायला मलाच पाठवतात. प्रश्न ठरलेले आहेत. गावाला गेलात की कुत्रं कुठे राहणार? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? घरातल्या कुणाचा विरोध आहे का? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सगळे बसलेले असताना विचारतो आणि उत्तर देणाऱ्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघतो. एका घरी सगळं छान चाललं होतं. निघताना गृहस्थ म्हणाले, "रात्री गच्चीवर बांधू, म्हणजे चोर येणार नाही." मी म्हटलं, मग कुलूप घ्या. आमच्या गटात यावरून वाद झाला. काहींचं म्हणणं, इतकी चाळणी लावली तर कुत्री आमच्याचकडे म्हातारी होतील. त्यात तथ्य आहे. पण परत आलेलं कुत्रं सावरायला किती वेळ लागतो ते बघितलंय, त्यामुळे मी माझं बदललेलं नाही.

*

आजोबा, बरोबर केलंत.

*

माझं थोडं वेगळं. पहिलंच आलेलं आम्ही ठेवून घेतलं. सगळे कौतुक करतात, पण तेव्हापासून दुसरं घेता येत नाही, कारण आमच्या राणीसाहेब दारात कुणाला उभं करत नाहीत. म्हणजे एकाला घर मिळालं आणि पुढच्यांची जागा गेली. पश्चात्ताप मुळीच नाही, फक्त हा हिशेब आधी कुणी सांगितला नव्हता.

*

पळून जाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? नव्या घरी गेल्यावर पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. तुमच्याकडे मोकळं फिरणारं कुत्रं तिथे घाबरून मान मागे ओढतं आणि गळपट्टा डोक्यावरून निघतो. मी देताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घालून, दोन दोऱ्या लावूनच देते. बरोबर लसीचं कार्ड, सध्याचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं (एकदम बदललं की जुलाब होतात) आणि न धुतलेलं पांघरूण. नव्या लोकांना दारापाशीच बजावते, आधी आतलं दार लावायचं, मग बाहेरचं उघडायचं. आणि पाहुणेरावळे, आंघोळ, फोटो सगळं नंतर. पहिल्या आठवड्यात कुणालाही बोलवायचं नाही, मलासुद्धा नाही.