मदत हवी आहे: ब्रेन ऑर्गनॉइड (लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेले मेंदूसारखे छोटे गोळे) आतून मरतात, काय करू?
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिले. मायक्रोसेफली (बाळाचा मेंदू आणि डोकं लहान राहण्याचा आजार) समजून घ्यायला आम्ही पेशंटच्या आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना मागे नेऊन बनवलेल्या, कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) ब्रेन ऑर्गनॉइड वाढवतोय, 2013 साली व्हिएन्नात लँकेस्टर आणि नॉब्लिख या शास्त्रज्ञांनी केलं तसंच. मॅट्रिजेलच्या (पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जेलच्या) थेंबात कडेने पारदर्शक कळ्या काय सुंदर फुटतात! पण तीनेक मिलिमीटरचे झाले की मधला भाग काळपट, रक्तवाहिन्या नाहीत म्हणून ऑक्सिजन आत पोचतच नाही, शेकरवर (द्रव सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) ठेवूनही. कोणी व्हायब्रेटोमने (थरथरत्या पात्याने पातळ काप करणाऱ्या यंत्राने) ऑर्गनॉइडचे 300 मायक्रॉनचे काप करून वाढवलेत का, काप नेमके कधी करायचे? आणि मे महिन्यात लाइट गेली की एसी बंद, खोली तापते, आपला इन्क्युबेटर तर फक्त गरम करतो, तेव्हा तुम्ही काय करता? या आजाराची लेकरं जवळून बघितलीत, प्लीज सांगा.