मूल वयात आलंय म्हणून चिडतंय, की आतून खचलंय?

वर्गशिक्षिका, सातवी: या वयातली मुलं तशीही उलट बोलतात. त्यातलं नैराश्य ओळखायचं कसं? पालक म्हणतात, रडत नाही म्हणजे ठीक आहे.

बालमानसोपचारतज्ज्ञ: रडण्यावर जाऊ नका. मुलांचं नैराश्य बऱ्याचदा चिडचिडीतूनच बाहेर पडतं. त्यामुळे ही मुलं उद्धट ठरतात, आणि उपचार मिळायचे तिथे ओरडा खातात. बदल सलग २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलाय का ते बघा. वयात आलेला मुलगा आईवर खेकसतो, पण मित्रांनी क्रिकेटला हाक मारली की पळतो. खचलेला मुलगा क्रिकेटलाही नको म्हणतो. माझ्या मते सगळ्यात आधी बघायची खूण हीच. झोप बिघडते, भूक बदलते. वाढीच्या वयात वजन हवं तेवढं न वाढणं हेही लक्षणच. शाळेच्या वेळेला पोट किंवा डोकं दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही, तेव्हा 'नाटकं करतोय' म्हणू नका. ते दुखणं खरं असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड मात्र तपासून घ्यावं.

शालेय समुपदेशक: वर्गात डबा आणि वही बघा. डबा न उघडता परत जातो. वहीत पहिल्या चार ओळी नीट, पुढे अक्षर ढेपाळतं आणि उत्तर अर्ध्यावर सुटतं. तारीख घालून नोंद ठेवा. 'आळशी' असा शेरा नको, जे दिसलं तेवढंच लिहा. पालकांना 'डिप्रेशन आहे' असं सांगू नका, निदान डॉक्टर करतील. 'पंधरा दिवस डबा तसाच परत येतोय, मधल्या सुट्टीत बाकावरच बसतो, घरी कसा असतो?' असं विचारा.

वर्गशिक्षिका, सातवी: आणि मरणाबद्दल बोलला तर? विचारल्याने उलट डोक्यात भरणार नाही ना?

बालमानसोपचारतज्ज्ञ: नाही भरत. बाजूला घेऊन, शांतपणे, सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर मुळीच देऊ नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा, डॉक्टरांकडे न्यायला सांगा. घरातल्या गोळ्या, शेतकऱ्याच्या घरी फवारणीचं औषध कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. मुलं हे पाऊल अनेकदा रागाच्या भरात उचलतात. तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

शालेय समुपदेशक: डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर पालकांना एवढं सांगाच: गुण यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थपणा किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.