मदत हवी आहे: ट्रान्झिस्टरच्या प्रोसेसरमधे रिंग काउंटर मधली स्टेप गाळतोय

नमस्कार मंडळी, सुट्या ट्रान्झिस्टरांचा 4 बिटचा प्रोसेसर बनवतोय, सगळा बीसी 547 ट्रान्झिस्टरवर, आरटीएल (रेझिस्टर-ट्रान्झिस्टर) लॉजिक, प्रत्येक गेट दोन इनपुटचं नॉर (दोन्ही इनपुट लो असले तरच आउटपुट हाय), बेसला 10 के (किलो-ओहम), कलेक्टरला 4.7 के, सप्लाय 5 व्होल्ट. (74 सिरीजचे तयार लॉजिक आयसी घे असं कृपया सांगू नका, मग मजा काय राहिली, आणि लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर शेकड्याने आणून ठेवलेत.) अ‍ॅडर झाला, प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कितवी ते मोजणारा) पण 0 ते 15 मस्त मोजतो. घोडं पेंड खातंय ते कंट्रोलच्या रिंग काउंटरपाशी, म्हणजे टी2, टी3 अशा स्टेप ओळीने चालवणाऱ्या साखळीपाशी. सहा मास्टर-स्लेव्ह फ्लिपफ्लॉप (प्रत्येकात एक बिट धरणारे, आळीपाळीने उघडणारे दोन लॅच), एकाचा आउटपुट सरळ पुढच्याच्या इनपुटला, तर पेटलेला एलईडी टी2 वरून मधेच थेट टी4 ला उडी मारतो, दर वेळी नाही, पण मारतो. क्लॉक अगदी सेकंदाला एक केला तरी तेच, म्हणजे स्पीडचा प्रश्न नसावा ना? सप्लायला जागोजागी 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, फरक शून्य. क्लॉक थांबवून मोजलं तर क्लॉक लाईनवर हाय फक्त 1.4 व्होल्ट येतो, तिथेच गडबड आहे का?

प्रतिसाद १:
1.4 च्या मागे लागू नका, एका लाईनवर ट्रान्झिस्टरचे बारा बेस लटकवल्यावर आरटीएलमधे एवढंच मिळणार आणि ते चालतं. मास्टर-स्लेव्ह आळीपाळीने उघडायला लागणारा उलटा क्लॉक एकाच इन्व्हर्टरने (सिग्नल उलटवणाऱ्या गेटने) काढलाय का? बीसी 547 सॅच्युरेट (पूर्ण चालू) झाला की बंद व्हायला वेळ खातो, म्हणजे क्लॉक खाली आला तरी उलटा क्लॉक उशिरा वर जातो, आणि नॉरचे लॅच लो वर उघडतात, त्यामुळे तेवढा वेळ मास्टर-स्लेव्ह दोन्ही उघडे आणि बिट एका दमात दोन घरं पुढे. क्लॉक कितीही हळू करा, ही फट तेवढीच राहते. प्रोग्राम काउंटर वाचतो कारण त्याच्या वाटेत अ‍ॅडरची गेटं आहेत, बिट पोचेपर्यंत दार बंद. खात्री करायची तर दोन स्टेजच्या मधे दोन-दोन इन्व्हर्टर टाकून बघा, उडी थांबली पाहिजे.

धागाकर्ता:
हो, एकच इन्व्हर्टर आहे! पण सगळीकडे दोन इन्व्हर्टर म्हणजे अजून बारा ट्रान्झिस्टर आणि बोर्डवर जागा नाहीये राव, दुसरा उपाय?

प्रतिसाद १:
त्या इन्व्हर्टरच्या बेस रेझिस्टरला समांतर 100 पिकोफॅरड लावा, कलेक्टरचा 4.7 के काढून 1 के टाका. तरी उडी मारलीच तर मग दोन फेजचा क्लॉक, दोन्ही लो एकत्र कधीच येणार नाहीत असा. त्याचं सर्किट संध्याकाळी टाकतो.