मदत हवी आहे: अ‍ॅझ्टेक वंशावळीत आतोतोझ्तलीला कुठे बसवू?

नमस्कार मंडळी, अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान, तिथल्या राजांची वंशावळ मोठ्या कागदावर काढतोय. पहिला मोक्तेझुमा (१४४०-१४६९) इथवर सगळं सरळ आहे, पुढे गुंता होतो. त्याच्यानंतर आशायाकात्ल, तिसोक आणि आउइत्सोत्ल हे सख्खे भाऊ ओळीने गादीवर आले. त्यांचे वडील तेसोसोमोक हे इत्स्कोआत्ल राजाचे पुत्र, पण स्वतः कधी राजा झाले नाहीत. आई आतोतोझ्तली मात्र मोक्तेझुमाची लेक. म्हणजे राजघराण्याच्या दोन्ही शाखा या एका जोडप्यात एकत्र येतात, आणि मला तर अख्ख्या वंशावळीचा कणा हीच बाई वाटते.

काही जुन्या वृत्तांतांत वडिलांनंतर तिनेच राज्य केल्याचं येतं. कोडेक्स मेंडोझा या सोळाव्या शतकातल्या सचित्र अ‍ॅझ्टेक हस्तलिखितात मात्र मोक्तेझुमानंतर थेट आशायाकात्ल! तिला राज्यकर्ती म्हणून दाखवावं का? तिच्या बाजूचे आणि विरोधातले पुरावे कुणी नीट समजावून सांगेल का?

आणखी एक. दुसऱ्या मोक्तेझुमाची मुलगी तेकुइच्पोत्सिन आधी काका कुइत्लावाकची, मग चुलतकाका कुआउतेमोकची बायको झाली. अशी घरातल्या घरातली लग्नं रेषा एकमेकींना न छेदता कशी दाखवता? वंशावळी काढणाऱ्यांनी कृपया सांगा. नमुन्याचा फोटो टाकलात तर फारच उत्तम.