मदत हवी आहे: जैसलमेरच्या रेताड जमिनीवर काँक्रीट रस्ता, रात्रीचा तापमानफरक किती धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला एका छोट्या डिझाइन ऑफिसात सिव्हिल इंजिनिअर आहे. आजवर केलेले सिमेंट रस्ते सगळे विदर्भातले, काळ्या मातीवरचे. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ती माती उपसायची, मुरूम भरायचा, पाणी काढून द्यायचं, हे आता अंगवळणी पडलंय. या वेळी मात्र काम आलंय जैसलमेर जिल्ह्यातलं. एका कारखान्याच्या आवारातला १.८ किलोमीटरचा, सात मीटर रुंदीचा ट्रकरस्ता. महिनाअखेर ड्रॉइंग द्यायची आहेत आणि मी एका आकड्यावर अडलोय.

आधी जमिनीचं सांगतो. रेती बारीक, जवळजवळ एकाच मापाच्या दाण्याची. भिजवून काढलेला सीबीआर (साच्यात दाबलेल्या मातीची भार पेलायची ताकद) ११ टक्के. आपल्या काळ्या मातीचा दोन-तीन येतो, त्यामुळे रिपोर्ट वाचून हायसं वाटलं होतं. साइटवर गेलो तर रिकामा टिप्परसुद्धा रुतत होता. साच्यात चहूबाजूंनी दाबून धरलेली रेती वेगळी आणि मोकळ्यावर चाकाखालून निसटणारी वेगळी. म्हणून भरपूर पाणी मारून व्हायब्रेटरी रोलर, त्यावर रेती जागेवर धरून ठेवणारा खडीचा थर रस्त्याच्या दोन्ही कडांबाहेर काढून, मग १५० मिमी डीएलसी (स्लॅबखालचा कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर) असं ठरवलंय. अर्धवट ओलसर रेती फुगून सैल राहते, त्यामुळे पाण्यात काटकसर करायची नाही हे ठेकेदाराला लिहूनच देणार आहे. सीबीआर १० धरला तर आयआरसी ५८ (काँक्रीट रस्त्यांच्या डिझाइनची भारतीय संहिता) प्रमाणे के-व्हॅल्यू, म्हणजे स्लॅबखालच्या आधाराचा ताठपणा, ५५ आणि डीएलसीवर ३०० मिळते. यावर मी समाधानी आहे.

अडलोय ते तापमानाशी. आयआरसी ५८ (२०१५) च्या तक्त्यात २५० मिमी स्लॅबसाठी दिवसाचा स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या बाजूतला तापमानफरक महाराष्ट्राला २०.३ अंश दिलाय आणि राजस्थानला १४.३. म्हणजे वाळवंटाला आपल्यापेक्षा कमी! रात्रीचा फरक त्याच आकड्यावरून काढायचा, निम्मा अधिक ५. नागपूरला १५.१५ येतो, जैसलमेरला १२.१५.

माझ्या मनाला हे पटत नाही. तिथे आभाळ निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला की स्लॅबचा वरचा भाग भराभर थंड होतो आणि खालचा गरमच राहतो. कडा वर उचलल्या जातात, कोपऱ्याखाली आधार उरत नाही आणि त्याच वेळी ट्रकचे एक्सल वरून गेले की तडा वरून खाली उतरतो. त्यात आणखी दोन गोष्टी त्याच दिशेने ओढतात. वरचा पृष्ठभाग कोरड्या वाऱ्याने जास्त आकसतो. आणि भर उन्हात ओतलेलं काँक्रीट वरून तापलेलं असतानाच घट्ट होतं, त्यामुळे पुढे सगळीकडे समान तापमान असलं तरी स्लॅबला थोडा बाक कायमचा राहतो. सूत्रातले ते ५ अंश या बाकासाठीच आहेत ना? मग थर वाळवंटाच्या वाऱ्याला आणि उन्हाला ५ पुरतील का?

मी डिझाइनच्या एक्सेल शीटमध्ये रात्रीचा फरक १७-१८ घालून पाहिला. वरून पडणाऱ्या तड्यांचं एकत्रित नुकसान १ च्या वर गेलं, म्हणजे ती जाडी पुरत नाही. जाडी वाढवली तर खर्च, आणि मालक लगेच विचारणार की तक्त्यात १४.३ असताना हे कुठून आणलं? राजस्थानात किंवा कच्छात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी किती धरलं, आणि तपासणाऱ्याला कसं पटवलं, ते कृपया सांगा.

दुसरी अडचण पाण्याची. बोअरचं पाणी खारट आहे. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मध्ये पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा साध्या काँक्रीटला लिटरला २००० मिलिग्रॅम आणि लोखंड असलेल्याला ५००. आपला स्लॅब साधा, पण सांध्यात डॉवेल आणि टाय बार (शेजारचे स्लॅब जोडणाऱ्या लोखंडी सळ्या) आहेतच. मी ५०० धरतोय. आसपास जिप्समही सापडतं, म्हणून सल्फेटची तपासणी सांगितलीय, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत रेतीत सिमेंट मिसळून थर घट्ट करायचा विचार बाजूला ठेवलाय. सल्फेट असलं तर तोच थर फुगेल.

काँक्रीटला तिथली उडती रेती वापरणार नाही. कन्हानच्या जाड रेतीची सवय असलेल्याला ती हातात घेतली की पिठासारखी लागते.

संपादन: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. संध्याकाळी पाचनंतर ओतायला सुरुवात करा हा सल्ला मोलाचा वाटला. काँक्रीट रात्री घट्ट झालं तर तो कायमचा बाक मुळातच कमी राहील. मागे वर्धेकडच्या एका कामात मे महिन्यात क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायचं) कापड दोन तास उशिरा पडलं आणि पृष्ठभागभर बारीक तडे गेले, ते मी विसरलेलो नाही. इथे फिनिशिंगच्या मागोमाग क्युरिंग कंपाउंड (ओल उडू न देणारा फवारा) आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा हे निविदेतच घालतोय.

सांधे ४.५ ऐवजी ४ मीटरवर घ्या असं दोघांनी सुचवलंय. पटतंय. पण आयआरसीची समीकरणं ३.५ बाय ४.५ च्या स्लॅबवरून काढलेली आहेत, त्यामुळे हा फायदा शीटमध्ये दिसत नाही. ४ मीटरच्या स्लॅबचं कुणी स्वतंत्र विश्लेषण केलंय का? आणि सांध्यात उडती रेती शिरून कडा फुटू नयेत म्हणून ओतायच्या सीलंटऐवजी तयार पट्टी बसवलेली कुणी पाहिलीय का? दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ती कशी दिसते, एवढं कळलं तरी ड्रॉइंगवर लिहिता येईल.